वर्गाबाहेर शिकवणाऱ्या शिक्षकांना छोट्या संस्थेनं नेमकी कशी मदत करावी? (परभणी-हिंगोली)

माळरान_जिंतूर
नमस्कार मंडळी. सात सदस्यांची नवी नोंदणीकृत संस्था आहे. जिंतूर, सेलू आणि औंढा नागनाथ या तीन तालुक्यांत काम करायचं ठरलंय. झेडपी शाळांतले जे गुरुजी आणि मॅडम लेकरांना ओढ्यावर, माळावर, बांधावर नेऊन शिकवतात त्यांच्या पाठीशी उभं राहणं एवढाच उद्देश आहे. मुलांची शिबिरं किंवा वृक्षारोपणाचे सोहळे करायचे नाहीत. वर्षाला दीड लाखाच्या आसपास देणगी जमते, पगारी माणूस कोणी नाही.

जूनपासून पंधरा शाळांत सुरुवात करावी असा विचार आहे. पैसा प्रशिक्षणावर घालावा की साहित्यावर? आपल्या कोरडवाहू भागात बारा महिने चालतील असे उपक्रम कोणते? आणि "एखाद्या लेकराला काही झालं तर?" ही धास्ती कशी काढावी? बहुतेक मुख्याध्यापक तिथंच अडतात.

पळसबन
पंधरा शाळा घेऊ नका, पाच घ्या. दीड लाखात पंधरा शाळांना एक कार्यशाळा आणि एकेक पिशवी साहित्य एवढंच होतं, दिवाळीनंतर त्यातलं काही उरत नाही. शिक्षक थांबतात ते हौस नसते म्हणून नाही. पहिल्यांदा बाहेर नेलं की लेकरं धडाधड प्रश्न विचारतात, चाळीस जणांचा गोंधळ होतो, आणि नंतर "हे असं का झालं" हे विचारायला जवळ कोणी नसतं. म्हणून सगळ्यात मोठा वाटा त्या शिक्षकाकडे परत परत जाण्यावर ठेवा: एसटीचं भाडं, पेट्रोल, चहापाणी. अहवालात हा खर्च उठून दिसत नाही, पण काम टिकतं ते यानंच.

प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून करू नका. शाळा उघडायच्या आधी एक पूर्ण दिवस, मग दर सहा आठवड्यांनी अर्धा दिवस, दर वेळी वेगळ्या शिक्षकाच्या गावात, त्याच्याच जागेवर. पहिल्या दिवशी फक्त जागा निवडायला शिकवा. शाळेपासून पायी दहा-पंधरा मिनिटं, मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, सावलीचं एक तरी मोठं झाड, आणि उघडी विहीर किंवा शेततळं जवळ नको. जमीन कुणाच्या मालकीची असेल तर आधी विचारा. पेरणीनंतर बांधावरून चाळीस लेकरं गेली की कुरबूर होणारच. एकदा ठरली की वर्षभर तीच जागा. तीच दहा झाडं, तेच पाच-सहा पक्षी पुन्हा पुन्हा दिसले की शिक्षकाची भीड चेपते. दर वेळी नवी जागा काढली की तो दर वेळी नवखाच राहतो.

९० मिनिटांचा तास धरला तर बाहेर ४० मिनिटंच पुरे. आधी वर्गात काम समजावून सांगायचं, पाच-पाचचे गट करायचे, प्रत्येक गटाला एकच काम आणि तेही कागदावर लिहून. परत आल्यावर सगळ्या गटांच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडायच्या. घाईत नेमका हाच भाग सुटतो आणि तासाची सहल होते. चाळीस मुलांमागे दोन मोठी माणसं हवीतच. दुसरं माणूस शाळा व्यवस्थापन समितीतला पालक असेल तर उत्तम, गावात शंका उरत नाहीत.

साहित्य दोन शाळांत मिळून एक पेटी. दहापट मोठं दाखवणारी भिंगं १०. तीस मीटरची टेप. टोकं बांधल्यावर घेर बरोबर चार मीटर भरेल अशा ८ दोऱ्या. चार जणांनी चार कोपरे ताणले की एक चौरस मीटरचा चौकोन तयार. अल्कोहोलचे थर्मामीटर २, पाऱ्याचे नकोत. एक पांढरी चादर, ती झुडपाखाली धरून फांदी हलवली की किडे त्यावर पडतात. झाकणाच्या पारदर्शक डब्या २०. कोऱ्या पानांच्या वह्या आणि शिसपेन्सिली. पेनाची शाई पावसात फुटते. दुर्बिणी ८×४२च्या दोनच घ्या आणि त्या संस्थेकडेच हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. शाळेच्या कपाटात एक पावसाळा राहिल्या तर भिंगांवर बुरशी धरते.

मुख्याध्यापकांशी बोलणं २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरून सुरू करा. सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दप्तरमुक्त दिवस त्यात सांगितलेले आहेत. सोबत उपक्रम कोणत्या धड्याशी जोडला आहे ते लिहून द्या.

आडाचं_पाणी
उपक्रमांबद्दल. आपल्याकडे पाणी आणि माती हे दोन विषय घरोघरी बोलले जातात, तिथूनच सुरुवात करा. वाघ-हत्तींची पोस्टरं लागत नाहीत.

पर्जन्यमापक: सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. बूड सपाट नसतं, म्हणून आत खडे टाका आणि बाटलीची सरळ भिंत सुरू होते तिथवर पाणी भरून शून्याची रेघ मारा. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. जागा भिंतीपासून किंवा झाडापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची वेळ तीच आहे. त्या वेळी शाळा भरलेली नसते, म्हणून शेजारी राहणाऱ्या दोन लेकरांकडे पाळी द्या. रविवारी वाचलं नाही तर सोमवारच्या आकड्यापुढे "दोन दिवसांचा" असं लिहायचंच, नाहीतर महिन्याच्या नोंदीत खोटी अतिवृष्टी दिसते. २४ तासांत ६५ मिमी हा अतिवृष्टीचा आकडा नुकसानभरपाईमुळे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतो. आपल्या बाटलीतला पाऊस आणि महसूल मंडळाच्या केंद्रावरचा पाऊस वेगळा का, यावर सातवीचा वर्ग तासभर बोलतो. एक चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर, हे कळलं की शाळेच्या पत्र्यांवरून किती पाणी वाहून गेलं ते लेकरं स्वतःच काढतात.

विहिरीची पातळी: पळसबन यांनी विहीर जवळ नको म्हटलंय ते बरोबरच आहे. म्हणून माप मोठ्या माणसानं घ्यायचं, लेकरं विहिरीपासून तीन मीटरवर आखलेल्या रेघेच्या मागेच थांबून लिहून घेणार. पक्का कठडा असलेली गावची विहीर किंवा आड निवडा. टेपच्या टोकाला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंत मोजा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करा. ती वजाबाकी राहून गेली की दोन विहिरींची तुलनाच होत नाही. दुसरी चूक म्हणजे मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झाल्यावर मोजणं. शेतीची लाईट पाळीनं येते, त्यामुळे आज सकाळी अन् पुढच्या महिन्यात दुपारी मोजलं तर फरक पाण्याचा की लाईटचा हे कळत नाही. मोटार रात्रभर बंद होती का ते मालकाला विचारून सकाळीच मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर. तेच महिने धरले तर शाळेचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात.

माती: लिटरच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) काही तासांत. चिकणमातीला पुस्तकात एक-दोन दिवस लिहिलेले असतात, पण आपल्या काळ्या मातीचं पाणी चार दिवसांनीही गढूळ दिसू शकतं. शिक्षकांना हे आधी सांगा, नाहीतर प्रयोग फसला म्हणून बाटली ओतून देतात. शिवाय ही चिकणमाती पाण्यात फुगते, त्यामुळे तिचा थर असतो त्याहून जाड दिसतो.

पाणी मुरण्याचा प्रयोगही असाच. दोन्ही तोंडं उघडी केलेला डबा पाच सेंटीमीटर ठोकायचा, ठरावीक पाणी ओतायचं, वेळ मोजायची. मे महिन्यात काळ्या रानात पहिलं पाणी भेगांतून घटकेत निघून जातं. त्याच जागी लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ओता. माती फुगून भेगा मिटतात आणि वेळ वाढत जाते. ही तिन्ही वाचनं ठेवा, सरासरी काढू नका. शेजारच्या मुरमाड माळावर करा, तिथं असं होत नाही. खरिपाच्या पहिल्या पावसानंतर रानात पाणी का तुंबतं ते लेकरांना डोळ्यांनी दिसतं.

उन्हाळ्यात झाडांच्या नोंदी. सीझनवॉच या उपक्रमात झाड नोंदवून दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं लिहायची असतात. पळस आणि कडुलिंब घ्या. ऐन उन्हात बदल होतात आणि दहा मिनिटांत काम संपतं.

बांधावरची_बाभूळ
सुरक्षिततेबद्दल. धास्ती भाषणानं जात नाही, लेखी पद्धतीनं जाते. वर्षाच्या सुरुवातीला पालकांचं एक पानी संमतीपत्र घ्या: दोन फोन नंबर, दमा, फिट, कशाची ॲलर्जी. त्याची एक प्रत बाहेर जाताना शिक्षकाच्या पिशवीत. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहितीचं पत्र द्या. मुलांसाठी समूह अपघात विमा काढत असाल तर सर्पदंश त्यात धरलाय का ते वाचून मगच हप्ता भरा.

धोक्यांच्या यादीत शेततळ्याला मी सगळ्यात वर ठेवते. कडेचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळानं इतका निसरडा होतो की पोहता येणारा मोठा माणूसही वर चढू शकत नाही. काठावरून बघायचं असेल तर कुंपण असलेलंच तळं, आणि बाहेर खुंटीला बांधलेला गाठींचा दोर असल्याशिवाय नाही.

वीज: पावसाळ्याच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात दुपारनंतर बाहेर जाऊच नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप शिक्षकाच्या फोनवर असावं. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत, एकट्या झाडाखाली कधीच नाही, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत. दगड उचलायचा तर पलीकडची कड धरून काठीनं आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली काही असलं तर दगड मध्ये राहतो. पाहून झालं की जसा होता तसा ठेवायचा. दंश झालाच तर लेकराला चालू द्यायचं नाही, हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, १०८ला फोन करायचा. आवळून दोरी बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. कोणत्या आरोग्य केंद्रात सापाची लस आहे ते मे महिन्यातच प्रत्यक्ष जाऊन विचारा. तिथंच लाल विंचवासाठी प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का तेही विचारा; दंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणं ही धोक्याची लक्षणं.

बारव किंवा जुना वड दाखवायला नेणार असाल तर शिक्षकानं आदल्या दिवशी कमानी आणि फांद्यांखाली आग्या मोहोळ आहे का पाहून यावं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकलं तर ते जास्त घट्ट होऊन अपाय करतं.

हिशेबवही
कागदपत्रांचं थोडक्यात. ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी नोंदणी) असेल तर दोन हजारांच्या वरची रोख देणगी देणाऱ्याला सवलतीत धरता येत नाही, आधीच सांगून ठेवा. देणगीदारांचं विवरणपत्र आयकर खात्याकडे ३१ मेच्या आत. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी घ्यायचा तर सीएसआर-१ नोंदणी लागते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. तो रेंगाळला तर परिशिष्टावर (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर) जुनीच नावं राहतात आणि बँक सह्या बदलून देत नाही.

माळरान_जिंतूर
सगळ्यांचे मनापासून आभार. पाचच शाळा घेतो. अजून दोन गोष्टी: हिवाळ्यात पाणपक्षी दाखवायला येलदरी धरण की पैठणचं नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय)? आणि गावातल्या मेंढपाळांना, जाणत्या शेतकऱ्यांना बोलवायचं तर मानधन द्यावं का?

पळसबन
नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं गट न्यायचा तर वन्यजीव विभागाकडून आधी परवानगी काढावी लागते आणि तुमच्याकडून सगळा दिवस प्रवासातच जातो. शिवाय धरण भरलेलं असलं की उथळ चिखलाच्या कडा पाण्याखाली जातात, पाय बुडवून चरणारे पक्षी विखुरतात. येलदरीलाही हेच लागू. गावाजवळचा पाझर तलाव बघा. डिसेंबर-जानेवारीत पाणी ओसरत असताना सकाळी आठला सूर्य पाठीमागे राहील अशा काठावर लेकरांना बसवा. चाळीस जणांत दोन दुर्बिणी पुरत नाहीत, म्हणून पाच जण दुर्बिणीवर, बाकीचे नुसत्या डोळ्यांनी मोजणी आणि चित्र काढणं, दर पाच मिनिटांनी पाळी बदला.

मानधन द्याच, शिक्षक-तज्ज्ञाला देता तेवढंच द्या. मेंढपाळाचा अर्धा दिवस म्हणजे त्याच्या कळपामागे दुसरा माणूस लावावा लागतो. रक्कम खात्यावर टाका, खातं नसेल तर व्हाउचरवर सही किंवा अंगठा घ्या. बोलवताना "माहिती सांगा" असं मोघम म्हणू नका, एकच काम ठरवून द्या: या माळावर शेळी कोणता पाला खाते आणि कोणता सोडते ते दाखवा. लेकरांनी तो पाला वहीत दाबून ठेवायचा, पुढच्या महिन्यात त्याच जागी पुन्हा शोधायचा.