४ टीबीची इंटरनल हार्ड डिस्क: ऑनलाइन मागवावी की पणजी-म्हापशाच्या दुकानातून घ्यावी?

कुळागर:
फोंड्यात घरच्या डेस्कटॉपला ३.५ इंची, ४ टीबीची हार्ड डिस्क लावायची आहे. गावच्या नाटकांची आणि भजनांची व्हिडिओ रेकॉर्डिंग तिच्यावर ठेवायची. एकदा टाकली की सहसा हलवायची नाहीत, पण जत्रा किंवा सप्ताह झाला की एकदम ३००-४०० जीबी भरावं लागतं. ऑनलाइन सीगेट बॅराकुडा ८०० रुपयांनी स्वस्त दिसते. पणजी-म्हापशात विचारलं तर दोन्हीकडे ४ टीबी हाताशी नाही, 'दोन दिवसांत मागवून देतो' म्हणतात. तेही मागवूनच देणार असतील तर दुकानातून घेण्यात फायदा काय? आणि कुरियरने आलेली डिस्क नवीच आहे, वाटेत आपटलेली नाही, हे कसं ओळखायचं? डिस्क स्वतः बसवता येते. कॅबिनेट २०१४ चं आहे.

मांडवीकाठ:
कुळागरबाब, दुकान की ऑनलाइन हे नंतर ठरवू. आधी मॉडेल नंबर बघा, कारण तुमचा वापर वाचून मला काळजी तिथलीच वाटते. ४ टीबीची बॅराकुडा, एसटी४०००डीएम००४, ही एसएमआर डिस्क आहे. कौलं जशी एकावर एक चढवून घालतात, तसे हिच्यातले ट्रॅक (डेटा लिहायच्या गोल ओळी) एकमेकांवर थोडे चढलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची काढावी लागतात; तसंच इथे थोडी जागा बदलायची तर शेजारची पूर्ण पट्टी वाचून पुन्हा लिहावी लागते. डिस्क सुरुवातीला एका राखीव भागात भराभर लिहून घेते. तो भाग भरला आणि तुमची फाइल अजून चालूच असली, की सेकंदाला १५०-१६० एमबीचा वेग ३०-४० वर, कधी त्याच्याही खाली येतो. रिकामी डिस्क सलग भरताना हे फारसं जाणवत नाही. अर्धी भरलेली, काही फाइली पुसून पुन्हा भरायला घेतलेली डिस्क असली की मात्र कॉपी तासन् तास रेंगाळते आणि माणसाला वाटतं डिस्क बिघडली.

नुसतं साठवून ठेवायला एसएमआर वाईट नाही. पण एका वेळी ४०० जीबी टाकणार असाल तर सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली डिस्क घ्या: सीगेटची आयर्नवुल्फ किंवा वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस. 'प्लस' हा शब्द विसरू नका. २०२० मध्ये साध्या रेडमध्ये न सांगता एसएमआर घातल्याचं उघड झालं, तेव्हा बराच गदारोळ झाला आणि त्यानंतर सीएमआरवाल्यांना रेड प्लस हे नाव मिळालं. किंमत जास्त पडेल, पण वॉरंटी बॅराकुडाच्या २ वर्षांऐवजी ३ वर्षं मिळते. गोव्यात सीसीटीव्हीची कामं करणाऱ्या दुकानांत वेस्टर्न डिजिटल पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक हाताशी असण्याची शक्यता जास्त. त्याही डेस्कटॉपला चालतात. फक्त कंपनीच्या माहितीपत्रकात 'सीएमआर' लिहिलंय का ते त्या मॉडेल नंबरापुढे बघून घ्या.

ऑनलाइन घेतलीत तर विकणारा कोण ते बघा. एकाच पानाखाली अनेक विक्रेते असतात आणि भाव बदलला की कार्टमध्ये दुसराच येऊन बसतो. पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर नाव पुन्हा वाचा. बऱ्याच ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदली मिळते, आणि तीही ७ किंवा १० दिवसांत. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच: गोव्याच्या दुकानाच्या बिलावर जीएसटी क्रमांक ३० ने सुरू होतो आणि कर ९ अधिक ९ असा दिसतो, बाहेरून आली तर एकरकमी आयजीएसटी. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. वॉरंटीची तारीख वादात पडली की बिल हाच पुरावा.

लोहचुंबक:
नवी की जुनी, आणि आपटलेली आहे का, एवढ्यावरच लिहितो.

खोका घेतल्यापासून व्हिडिओ चालू ठेवा, सील फोडताना लेबल स्पष्ट दिसू दे. आत डिस्क अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत बंद हवी आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकचे कप किंवा चारही बाजूंनी जाड फोम हवा. नुसत्या बबलच्या एका थरात, मोठ्या खोक्यात खडखड वाजत आलेली डिस्क चालू करून बघू नका, तशीच परत करा. बंद डिस्क साधारण २५०-३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) इतका क्षणिक धक्का सोसते, पण हे ऐकायला जास्त वाटतं तेवढं नाही. काँक्रीटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर हातभर उंचीवरून उघडी पडली तरी तो आकडा सहज ओलांडला जातो.

पिशवी उघडायच्या आधी पारदर्शक भागातून सीरियल नंबर वाचा आणि कंपनीच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाका. तीन उत्तरं येऊ शकतात. तारीख आली तर ठीक. थोडी कमी वाटली तर बिल दाखवून दुरुस्त करून घेता येते. पण 'ही डिस्क संगणक बनवणाऱ्या कंपनीला सुटा भाग म्हणून विकली होती' किंवा 'दुसऱ्या देशातली' अशा अर्थाचं काही आलं तर वॉरंटी तुमच्या हातात नाही. न उघडता परत. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. तो स्टिकरच नसेल तर माल आडवाटेने आलाय असं समजा. सीगेटच्या रीसर्टिफाइड (कंपनीने तपासून पुन्हा विकायला काढलेल्या) डिस्कच्या लेबलला हिरवी कड असते. ती वाईट नसते, पण नव्याच्या भावात घ्यायची नाही.

मग जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडा. चालू राहिल्याचे तास शून्य किंवा एक-दोन, चालू-बंद केल्याची संख्या दहाच्या आत. ०५, सी५ आणि सी६ या तिन्ही ओळी खराब किंवा संशयित जागा मोजतात; त्यांच्या मूळ आकड्यात (रॉ व्हॅल्यू) शून्यच हवं. सी७ (डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नाही, डिस्क बोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा. केबल बदलून बघा. सीगेट असेल तर एवढ्यावर थांबू नका. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास वापरलेल्या सीगेट डिस्क तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्याचं उघडकीस आलं. ते पकडलं गेलं फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीमुळे, जी त्या लोकांनी पुसली नव्हती. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामची ७.४ किंवा पुढची आवृत्ती ती वाचते. दोन्हीकडचे तास जुळले पाहिजेत.

शेवटी पूर्ण डिस्क भरून वाचा. एचटूटेस्टडब्ल्यू या चाचणीच्या प्रोग्रामने सगळी जागा लिहायची आणि तपासायची. सरासरी सेकंदाला १५० एमबी धरली तर ४ टीबी लिहायला साडेसात तास, वाचायला तेवढेच. रात्री लावा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होतं. संपल्यावर ०५ आणि सी५ पुन्हा बघा: डिस्क कितीही नवी दिसो, या आकड्यांत १ जरी आला तरी बदली मागा. हे सगळं बदलीच्या मुदतीत झालं पाहिजे. डिस्क आली आणि चवथीच्या सामानाच्या गडबडीत पंधरा दिवस खोक्यातच राहिली, तर वरचं काहीच कामाचं नाही.

तांबडीमाती:
वरचं सगळं मान्य, पण दुकानाची बाजू राहिली. दुकानदार मागवतो तेव्हा ती बहुधा वितरकाकडून, मोठ्या खोक्यात इतर मालाबरोबर येते. एकटी डिस्क पाकिटात फेकाफेकी सोसत येत नाही. दुसरं, काउंटरवर त्याच्यासमोरच जोडून तास आणि सीरियल बघता येतात, पाच मिनिटांचं काम. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आणि पैसे देण्याआधी दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या: किती दिवसांत बिघडली तर दुकानातच बदलून मिळेल, आणि नंतर वॉरंटीला पाठवायची झाली तर कुरियरचा खर्च कोणाचा. 'कंपनीची वॉरंटी आहे' एवढंच उत्तर मिळालं तर त्या दुकानाचे ८०० रुपये जास्त का द्यायचे, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. ७ दिवसांची बदली लिहून मिळत असेल तर मी दुकानातूनच घ्या म्हणेन.

वॉरंटीत बदलून येणारी डिस्क बहुतेक वेळा दुरुस्त केलेली असते आणि डेटा परत मिळत नाही. म्हणून नाटकांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.

ऑनलाइन विक्रेत्याने हात वर केले तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. उघडतानाचा व्हिडिओ तिथे उपयोगी पडतो.

कुळागर:
सगळ्यांचे आभार. आयर्नवुल्फच घेतो, दुकानातून, बदलीचं लिहून घेऊन. केबल आणि स्क्रू डिस्कबरोबर येतात का? आणि जुन्या मदरबोर्डला ४ टीबी दिसेल ना?

मांडवीकाठ:
सुट्या डिस्कबरोबर काहीच येत नाही. साटा डेटा केबल घ्या, क्लिपवाली. पॉवरसाठी सप्लायमध्ये साटाचं टोक रिकामं आहे का बघा. नसेल तर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर टोकावरून) साटा करणारी केबल लागेल. तिचं टोक ठोस प्लास्टिकमध्ये ओतलेलं असेल तर नको, आत तारा जवळ येऊन ती जळल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या दिसतात, टोपी उघडते, तशी घ्या. स्क्रू जाड आट्याचे, ६ मिमीच्या आसपास लांब. डीव्हीडीचे बारीक आट्याचे जोराने पिळलेत तर डिस्कचा आटा जातो.

बोर्ड साटा २ (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीचा) असला तरी चालेल, एवढ्या वेगाला ते पुरतं. विंडोजमध्ये डिस्क आधी दिसणार नाही: डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ करा आणि जीपीटी (डिस्कचे भाग मांडायची नवी पद्धत) निवडा. एमबीआर ही जुनी पद्धत निवडलीत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. शेवटी ३.६३ टीबी दिसेल, ते बरोबर आहे.

तांबडीमाती:
पावसात वीज वारंवार जाते, तर यूपीएसशिवाय रात्रभराची चाचणी लावू नका. लिहिताना वीज गेली की चाचणी पहिल्यापासून. आणि दुसऱ्या प्रतीची डिस्क कपाटात ठेवाल ती अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, घट्ट डब्यात. उघडी ठेवलीत तर जून-जुलैच्या हवेत दोन पावसाळ्यांत पाठच्या सर्किटच्या टाचण्यांवर हिरवट पूड धरते.