ब्लीड करूनही ब्रेकचा लिव्हर मऊच?

बाइकचा पुढचा डिस्क ब्रेक दोनदा ब्लीड करूनही, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढूनही, लिव्हर स्पंजसारखा दबतोय म्हणता, तर हवा बहुधा खाली चाकापाशी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये नाही, वर हँडलवरच्या मास्टर सिलिंडरच्या (लिव्हर दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) बँजो बोल्टपाशी, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी, अडकली असेल. बुडबुडे मुळात वर चढणारे, आणि आपण त्यांना खाली ढकलत बसतो! हँडल असं वळवा की मास्टर सिलिंडर सगळ्यात उंच राहील. मग लिव्हर ग्रिपला आवळून बांधा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी लिव्हर सोडा, मास्टर सिलिंडरच्या ऑइलच्या डबीचं झाकण काढा, लिव्हर अगदी हलके, जेमतेम बोटभर हलवत राहा. बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. जोरात दाबलात तर ऑइलची चिळकांडी उडेल, आणि ते रंग खातं. माझ्या टाकीवर तो डाग अजून आहे.

तरीही फरक नाही पडला तर ब्रेक ऑइलचा पाइप बघा. जुना रबरी पाइप दाबाने फुगतो, तिथे ब्लीडिंगचा काही उपयोग नाही.

आणि हो, ब्रेक ऑइलची आधी फोडलेली बाटली वापरू नका. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.