कागद रंगवणं, पण कोणते?

'मानवाधिकार कायद्यातलं करिअर म्हणजे जिनिव्हात बसून कागद रंगवणं' हे मत मला अर्धंच पटतं. ब्रिटिश कायदेतज्ज्ञ नायजेल रॉडली यांचं बघा. १९७३ मध्ये ते अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेचे पहिले कायदा सल्लागार झाले, तेव्हा छळाविरुद्ध जागतिक करारच नव्हता. तो १९८४ मध्ये झाला, आणि त्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता.

१९९३ ते २००१ ते संयुक्त राष्ट्रांचे छळविषयक विशेष प्रतिवेदक, म्हणजे छळाच्या तक्रारी तपासून अहवाल देणारे स्वतंत्र तज्ज्ञ होते. पद बिनपगारी (हे कुणी सांगत नाही!), म्हणून एसेक्स विद्यापीठातली प्राध्यापकी चालूच. अटकेतल्या माणसाच्या छळाची भीती आहे असं कळलं की त्या सरकारला तातडीचं पत्र जायचं. प्रतिवेदकाच्या भेटीला मात्र त्या देशाचं निमंत्रण लागतं, आणि कैद्याशी एकांतात बोलू देण्याची अट असते. पोलिसांसमोर कोण तोंड उघडणार?

भारताने १९९७ मध्ये करारावर सही केली, पण अनुसमर्थन (करार स्वतःवर बंधनकारक मानण्याची औपचारिक मंजुरी) अजून नाही. म्हणजे इथली लढाई मुख्यतः आपल्याच कोर्टांत. त्यामुळे इथल्या नवख्याने आधी कोठडी मृत्यूच्या केसेस लढवणाऱ्या वकिलाकडे उमेदवारी करावी. शवविच्छेदन अहवाल वाचायला शिकावं, सोबत इस्तंबूल प्रोटोकॉल ही छळाच्या तपासाची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका ठेवावी. जखमांची नोंद पुरावा म्हणून कशी टिकवायची, ते तिच्यात आहे.