टायमिंग चेन तुटली. नुसती नवी चेन टाकून भागेल?

वडिलांची_गाडी:
वडिलांनी चौदा वर्षं जपलेली सिंगल सिलिंडर, १५० सीसीची गाडी आता मी चालवतो. महिनाभर सकाळी चालू केली की इंजिनात खरखर व्हायची, तापल्यावर थांबायची. मी दुर्लक्ष केलं. काल साठच्या वेगात खाडकन आवाज झाला आणि गाडी बंद पडली. किक हलकी जाते, कॉम्प्रेशन नाही. टॅपेट कव्हर काढलं तर चेनचं एक टोक स्प्रॉकेटवर लोंबतंय. मेकॅनिक म्हणतो चेन टाकतो, दुपारी गाडी घेऊन जा. मला पटत नाहीये.

जुना_फोरस्ट्रोक:
किक मारू नका, सेल्फ तर मुळीच नको. दिसणारं टोक तारेने बांधून ठेवा, नाहीतर खाली क्रँककडे, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याकडे, जाऊन अडकेल.

दहाबाराचा_पाना:
तुमची शंका बरोबर आहे, हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला सिलिंडरवरचा भाग, उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, एक फेरी होते, आणि हा मेळ ती चेनच राखते. ती तुटली की कॅम जागच्या जागी थांबतो, उघडा व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि खालून पिस्टन येऊन त्याला ठोकतो. कॉम्प्रेशन नसणं एवढ्यावरून व्हॉल्व्ह वाकला असं म्हणता येत नाही, नुसता उघडा असला तरी तसंच होतं. म्हणून कॅम काढा, प्लग लावलेलाच ठेवून हेड उलटं करा, आत रॉकेल ओता आणि दहा मिनिटं थांबा. पोर्टमधून धार लागली तर तो व्हॉल्व्ह वाकलाय असं धरून चाला. बाहेर काढून काचेवर लोळवला की दिसतंच. व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ती गाइडही तपासा, नाहीतर नवा व्हॉल्व्ह बसवूनही धूर येईल.

आणि तुटलेल्या चेनच्या कड्या नव्या चेनशी मोजून बघा. कमी भरल्या तर उरलेले तुकडे इंजिनातच आहेत. ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा, ऑइलची जाळी काढा. मी एकदा हे टाळलं होतं. तुकडा ऑइल पंपात गेला आणि ते इंजिन मला दुसऱ्यांदा पूर्ण खोलावं लागलं. ती खंत अजून आहे.

वडिलांची_गाडी:
उघडलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलाय, पिस्टनवर अर्धचंद्रासारखा ठसा आहे. जाळीत चेनची एक पट्टी सापडली. चेन ताठ ठेवणाऱ्या टेन्शनरचा दांडा आतच अडकलाय, हाताने बाहेर येत नाही.

दहाबाराचा_पाना:
मग तुमच्या खरखरीचं मूळ तो टेन्शनरच. चेन सैल पडून मार खात होती. टेन्शनर आणि चेन ज्यांवरून सरकते त्या दोन्ही गाइडपट्ट्या नव्याच घ्या, जुन्या पट्टीत खोल चर पडले असतील. ठसा बोटाने चाचपा. तडा किंवा उठलेली कड लागली तर पिस्टनही बदला.

बांधताना क्रँकच्या टोकाच्या मॅग्नेटवरची 'टी' खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवा. शेजारची 'एफ' ठिणगीची आहे, तिथे फसगत होते. टेन्शनरच्या विरुद्ध बाजूची चेन आधी ताठ घ्या, सगळी ढील टेन्शनरकडे येऊ द्या, मग कॅम स्प्रॉकेट बसवा. टेन्शनर लावताना दांडा आत ओढलेला हवा, बोल्ट कसल्यावर सोडा. मग प्लग काढून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, खुणा परत बघा. टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) थंड इंजिनवर, मॅन्युअलप्रमाणे.

वडिलांची_गाडी:
पिस्टन वाचला. दोन फेऱ्या मोकळ्या फिरल्या, खुणा जुळल्या. आज सकाळी थंड इंजिन चालू करून बराच वेळ कान लावून बसलो होतो. खरखर नाही. वडीलही शेजारी उभे होते.