घरपट्टीची आकारणी चुकली तर: जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे अनुभव

फेरआकारणीवर हरकत घेतलेल्यांनी किंवा ती लिहून देणाऱ्यांनी इथे लिहावं. कोणता साहेब कसा बोलला ते नको. कोणता कागद, कोणता रकाना, काय अडलं, एवढंच.

जळगाव, पिंप्राळा
'बिल फार आलं' एवढंच लिहिलेला अर्ज लगेच निकाली निघतो. भांडायचं ते करयोग्य मूल्याशी, म्हणजे ज्या रकमेवर कर बसतो तिच्याशी. आधी प्रभाग कार्यालयातून आकारणीचा उतारा काढा. महापालिकेचा हिशेब ढोबळमानाने असा: क्षेत्रफळ गुणिले दरमहा भाडेदर गुणिले 12, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. समजा 60 चौ.मी. आणि दर 10 रुपये धरला, तर वर्षाचे 7,200, वजा 720, म्हणजे करयोग्य मूल्य 6,480. यामागे चारच नोंदी असतात: क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष. कोणती चुकली ते अर्जाच्या पहिल्याच ओळीत यायला हवं.

धुळे, देवपूर
सगळ्यात जास्त चुका मोजणीत. घर बंद असलं की मोजणारा बाहेरच्या भिंतीवरूनच टेप धरतो, मग ओटा, जिना, उघडी गच्ची सगळं खोलीच्या दराने चढतं. स्टीलच्या टेपने प्रत्येक खोली आतून मोजा, हाताने नकाशा काढून मापं त्यावरच लिहा आणि सोबत मंजूर नकाशाची प्रत जोडा. चौ.फुटांना 10.76 ने भागलं की चौ.मी. मिळतात. 650 चौ.फुटांचं घर साधारण 60 चौ.मी. भरतं, उतारा 85 म्हणत असेल तर फेरमोजणी मागा आणि त्या दिवशी घरी थांबा. मात्र वर एखादी खोली बिनपरवाना चढवली असेल तर फेरमोजणीत तीही सापडते, शास्ती (दंड) लागू शकते. हे आधी पाहून घ्या, भाऊ.

जळगाव, महाबळ
बिलावर रोजगार हमी कर आहे का ते बघा. हा कर निवासी वापराला लागत नाही. राहत्या घराच्या बिलात तो दिसला, तर घराचा काही भाग तरी बिगरनिवासी म्हणून चढलेला आहे. पुढच्या खोलीतली पिठाची गिरणी कधीच बंद झालेली असते, पण नोंद तशीच राहते. व्यापारी वीजमीटर बंद केल्याचा कागद आणि घरगुती मीटरचं बिल जोडलं की बाजू भक्कम होते.

अमळनेर
नगरपरिषदेत चतुर्वार्षिक आकारणी असते, म्हणून चुकीची नोंद चार वर्षं मानगुटीवर बसते. जुन्या पेठेत धाब्याची घरं पुष्कळ: लाकडी खांब, मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा दिसला की 'आर.सी.सी.' लिहून मोकळे होतात. फोटो घरातून काढा, छताचे सर (आडवी लाकडं) आणि खांब दिसले पाहिजेत. रस्त्यावरून काढलेला फोटो उलट त्यांच्याच बाजूने बोलतो.

शिरपूर तालुका
गावात नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, उतारा घ्या. डिसेंबर 2015 च्या नियमदुरुस्तीपासून ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर, म्हणजे जागा-इमारतीच्या किमतीवर आहे. इमारतीच्या किमतीत वयाप्रमाणे घसारा मिळतो, म्हणून बांधकामाचं वर्ष कोरं असेल किंवा अलीकडचं पडलं असेल तर थेट फटका. वापराचा भारांकही (ज्याने गुणतात तो आकडा) बघा: निवासी 1, व्यापारी 1.25. वर्षाच्या पुराव्याला जुनी घरपट्टीची पावती चालते. ग्रामपंचायत ऐकत नसेल तर अपील पंचायत समितीकडे.

भुसावळ
मुदत नोटिशीवर छापलेली असते. नोटीस हातात पडल्याची तारीख तिच्यावरच लिहा, पाकीट फेकू नका. अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. टेबलावर ठेवून आलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरा. सुनावणीला मूळ कागद न्या, द्या मात्र झेरॉक्स.

हरकत दिली म्हणून भरणा थांबवू नका. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. 'हरकतीचा हक्क राखून' असं पत्र देऊन भरा.

धुळे, साक्री रोड
महापालिकेत सुनावणीचा निकाल विरुद्ध गेला तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायालयात अपील करता येतं. त्याला मुदत 15 दिवसांचीच, आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि वादातली रक्कम भरावी लागते. थोडक्या फरकासाठी वकिलाची फी परवडत नाही. आणि निकाल बाजूने लागला तरी आदेशाची प्रत घेऊन नवा उतारा काढा. आदेश फाईलमध्ये आणि संगणकात जुनाच आकडा, असं सर्रास होतं.