‘बियर-वाइन’ हा समास कोणता?

एका अनुवादात अडकलो आहे. मोड आणलेल्या सातूचा काढा आणि द्राक्षांचा रस एकत्र आंबवून केलेलं पेय. इटलीत ‘इटालियन ग्रेप एल’ म्हणतात तेच. मी ‘बियर-वाइन’ लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून समासात विचारलं, ‘समास कोणता?’ मग ‘संकरित बियर’ केलं, तर ते बियाण्याच्या पिशवीवरचं वाटतं. काय लिहावं? आणि मुळात हिला बियर म्हणायचं का?

* * *

बाईंचं बरोबर आहे. ‘बियर-वाइन’ हा ‘आईवडील’सारखा द्वंद्व वाचला जातो, म्हणजे दोन पेले. तुम्हाला हवा आहे तत्पुरुष. घोडागाडी ही गाडीच असते, तशी ‘द्राक्षबियर’ ही बियर. पण मग शेवटच्या पदाचा मान कोणाला द्यायचा हे आधी ठरवायला हवं.

माझी कसोटी एकच: साखर आली कुठून? द्राक्षात ती आयती असते. द्राक्षं चेचून ठेवा, दोन-तीन दिवसांत आपोआप फसफसायला लागतात. धान्यात असतो स्टार्च, आणि तो यीस्टला पचत नाही. म्हणून सातू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा (झाला माल्ट), भरडायचा आणि साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचा. मोड येताना तयार झालेली एन्झाइम्स त्या तासात स्टार्चची साखर करतात. घरी बियर करणारे यातला थेंबभर काढा पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकतात. निळा-काळा झाला तर स्टार्च अजून शिल्लक आहे. आयोडीनचा तांबूस रंग तसाच राहिला तर काम झालं. ही खटपट म्हणजेच बियर. फेस, रंग, कडूपणा हे सगळं नंतरचं.

तुमच्या पेयात पाया माल्टचा आहे, द्राक्षरस त्यात पडतो. अमेरिकेतल्या बियर-परीक्षकांच्या संस्थेनेही 2015च्या नियमावलीत त्याची नोंद बियरची स्थानिक शैली म्हणूनच केली. निम्म्याहून जास्त साखर द्राक्षांची असती, तर मी ‘वाइन’ शेवटी ठेवलं असतं.

* * *

पण हॉप्सचं, म्हणजे बियरला कडूपणा देणाऱ्या त्या फुलांचं काय? हॉप्स नाहीत तर बियर नाही, असं मी समजत होते. बव्हेरियाच्या 1516च्या नियमात सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच तर आहे.

* * *

ताई, त्या नियमात यीस्टचं नावसुद्धा नाही. त्याच्या शब्दावर गेलो तर गव्हाची बियरही बाद! इंग्रजीत पंधराव्या शतकात हॉप्सविना ती ‘एल’ आणि हॉप्सची ती ‘बियर’ असा भेद होता. आज एल हा बियरचाच एक प्रकार, म्हणजे हॉप्सची अट मूळची नाहीच, मागाहून चिकटलेली.

सरकारी व्याख्या तर त्याहून चंचल. जपानमध्ये ‘बियर’ म्हणवून घ्यायला निदान 67 टक्के माल्ट लागायचं. त्याहून कमी असेल ते ‘हाप्पोशू’, शब्दशः फेसाळ मद्य. एप्रिल 2018मध्ये ही अट 50 टक्क्यांवर आणली. आदल्या दिवशी 60 टक्के माल्टचं जे हाप्पोशू होतं, ते दुसऱ्या दिवशी बियर म्हणवून घ्यायला मोकळं. चवीत काडीचा फरक नाही.

* * *

उलट्या बाजूचं उदाहरण देतो. इंग्रजीतली ‘बार्ली वाइन’: तीत द्राक्षाचा मणीही नसतो, ती निव्वळ कडक एल. अमेरिकेत लेबलवर नुसतं ‘बार्ली वाइन’ चालत नाही, सोबत ‘एल’ लिहावं लागतं. आणि ही गफलत फार जुनी आहे. इ. स. पू. 400च्या सुमारास ग्रीक सैन्यासोबत आर्मेनियातून जाताना झेनोफोन या ग्रीक लेखकाने जे पेय पाहिलं, त्याला तो ‘सातूची वाइन’ म्हणतो. मोठ्या भांड्यात काठोकाठ भरलेलं, वर सातूचे दाणे तरंगताहेत, आणि लोक बोरूच्या नळ्यांनी ओढून पिताहेत. पेय परकं, शब्द घरचा वापरला, झालं. ‘राइस वाइन’ हे साके या जपानी मद्याचं नावही तसंच. तांदळात कुठली आली आयती साखर? तिथे स्टार्च फोडायचं काम कोजी नावाची बुरशी करते.

* * *

मग आपला जुना शब्द का विसरता? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरेचे तीन प्रकार आहेत: गौडी, पैष्टी, माध्वी. गौडी गुळाची, पैष्टी पिष्टाची म्हणजे पिठाची. (माध्वीचा अर्थ टीकाकार वेगवेगळा लावतात, ते सोडू.) वर ज्या कसोटीवर एवढी चर्चा झाली, तीच इथे शब्दातच बसवली आहे. शाळेच्या पुस्तकातले ‘पिष्टमय पदार्थ’ आठवा, पिष्ट तेच. साके पैष्टी, बार्ली वाइन पैष्टी. जिंजर बियर मात्र नाही. ती आलं आणि साखर आंबवून करतात, धान्याचा संबंध नाही.

फक्त अनुवादात ‘द्राक्षपैष्टी’ लिहू नका, वाचक पळून जाईल.

* * *

वाइनच्या पिंपात मुरवलेली बियर या चर्चेत कुणी आणण्याआधी सांगून टाकते: ती बियरच. पिंपाने वास दिला, जात नाही बदलली. खरा पेच आहे तुर्कस्तानातल्या गॉर्डियनचा. इ. स. पू. आठव्या शतकातल्या एका थडग्यातल्या भांड्यांत जो गाळ मिळाला, त्यात द्राक्ष, सातू आणि मध या तिन्हींच्या खुणा निघाल्या. प्राचीन पेयांचे अभ्यासक पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी तो तपासला, आणि त्यावरून अमेरिकेतल्या डॉगफिश हेड या बियर कंपनीने ‘मायडस टच’ काढली. तिला एल म्हणून विकतात, पण त्या मूळ पेयाचं शेवटचं पद कोणतं, सांगा बघू!

* * *

सर्वांचे आभार. ‘द्राक्षबियर’ लिहून पाठवलं. बाईंना समास पटला, आता ‘बियर’वर वर्तुळ आहे: ‘बिअर’ की ‘बीअर’?