सावंतवाडी परिसरासाठी हौशी त्रैमासिक: मुखपृष्ठ झाले, आत काय?

खळेकर (प्रश्न):
मी व्यवसायाने हिशेबनीस असून मांडणीशी माझा संबंध केवळ हौसेपुरता आहे. गेले तीन महिने मी सावंतवाडी, कुडाळ आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांसाठी एका त्रैमासिकाची संकल्पना तयार करीत आहे. ते विकायचे नाही. एक चांगली डमी तयार करून तिच्या पाच प्रती घरीच छापाव्यात आणि मित्रांना वाचायला द्याव्यात, एवढीच इच्छा आहे. नाव ‘खळं’ ठेवले आहे, कारण आमच्याकडे आलेला माणूस आधी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, टेकतो आणि गावच्या निम्म्या बातम्या तिथेच कळतात. मुखपृष्ठावर गंजिफा या हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांच्या खेळातील मत्स्यावताराचे गोल चित्र घेतले असून ते मला बरे वाटते. आतली पाने मात्र काही केल्या जमत नाहीत. जे करतो ते एखाद्या बँकेच्या वार्षिक अहवालासारखे दिसते. आकार कोणता घ्यावा, भाषा प्रमाण मराठी ठेवावी की मालवणी, आणि आपला मुलूख आतल्या पानांतही जाणवावा यासाठी काय करावे, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. शिवाय, आईने नाव ‘रवळं’ असे वाचले आणि हा अंक रवळनाथाच्या देवळाचा आहे का, असे विचारले.

जुना डीटीपीवाला:
आईंचे वाचन आधी गांभीर्याने घ्यावे, कारण चूक त्यांची नसून अक्षराची आहे. तुम्ही निवडलेल्या जाड, सजावटी फॉन्टमध्ये ‘ख’चे दोन्ही भाग तळाशी जोडलेले नसणार, तो सांधा नसला की ‘र’ आणि ‘व’ सुटे दिसतात, आणि सिंधुदुर्गातला वाचक तर रवळनाथाचेच नाव आधी वाचणार. नावाची अक्षरे स्वतः काढा किंवा खालचा दुवा ठळक असलेला फॉन्ट घ्या. ‘ळं’वरचा अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातो, त्यामुळे नावाच्या वर मोकळी जागा ठेवा, नाहीतर कटिंगमध्ये पहिला बळी त्याचाच जातो.

आकाराबाबत फार विचार करू नका. घरच्या प्रिंटरवर ए-४ कागद मधोमध दुमडून ए-५ आकाराचा अंक होतो आणि एका कागदावर चार पाने बसतात, म्हणजे ३२ पानांना आठ कागद लागतील. मध्ये दोन पिना मारल्या की आतले कागद बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे येतात, म्हणून बाहेरच्या कडेचा समास सढळ ठेवा. मजकुरासाठी ‘मुक्ता’ हा फॉन्ट पुरेसा आहे. मात्र देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. ११ पॉइंटचा मजकूर १६ पॉइंटच्या अंतराने लावून एक पान प्रत्यक्ष आकारात छापून पाहा, कारण पडद्यावर सगळेच सुंदर दिसते. तुमचे पान अहवालासारखे दिसण्याचे निम्मे कारण, मला वाटते, दाटलेल्या ओळी हेच असावे.

चितारआळीची नात:
मुखपृष्ठावरील मत्स्यावताराबद्दल थोडे कटू बोलते. गंजिफाचे चित्र आता पिशव्यांवर, किचेनवर आणि लग्नपत्रिकांवरही असते. ते छापले म्हणजे अंक सावंतवाडीचा झाला, असे होत नाही. त्यापेक्षा तो खेळ कसा रचला आहे ते पाहावे. दशावतारी गंजिफात प्रत्येक अवताराची बारा पाने (पत्ते) असतात, म्हणजे एकूण १२०. त्या बारांत एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी दहा साधी पाने. अंकाची बांधणी अशीच का करू नये? ‘राजा’ म्हणजे दहा पानांचा मुख्य लेख, ‘प्रधान’ म्हणजे सहा पानांची मुलाखत आणि पुढे एकेका पानाची दहा छोटी टिपणे: जत्रांच्या तारखा, एखादी पाककृती, एखाद्या ओहोळाचे नाव कसे पडले, असे काहीही. ही २६ पाने झाली. अनुक्रमणिका व संपादकीयाची दोन आणि मुखपृष्ठ-मलपृष्ठाची चार धरली की बरोबर ३२ भरतात.

आणखी एक गंमत आहे. खेळात राजा आणि प्रधान यांच्याखाली अर्ध्या अवतारांत दहाचे पान सर्वांत मोठे असते, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा असतो. तुम्हीही एका अंकात मुख्य लेख आधी आणि पुढच्या अंकात छोटी टिपणे आधी, असा उलटा क्रम लावू शकता. हे ज्याला कळेल तो हसेल, आणि ज्याला कळणार नाही त्याचे काही बिघडणार नाही.

घाटमाथा:
भाषेच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा पानावर इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी होते. तुम्ही मुलाखतीची सहा पाने तशीच लावा, एका स्तंभात बोलणाऱ्याची मालवणी जशीच्या तशी आणि दुसऱ्यात प्रमाण मराठी. ए-५ च्या पानावर दोन स्तंभ अरुंद होतील हे खरे, म्हणून समोरासमोरची दोन पाने वापरावीत: डावीकडे मालवणी, उजवीकडे मराठी. मालवणीचे लेखन मात्र एका पद्धतीने करा. एका पानावर ‘आसा’ आणि दुसऱ्यावर ‘असा’ असे झाले की गावचा वाचक मजकूर सोडून चुकाच मोजत बसतो.

खळेकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ‘ख’ हाताने काढला आणि आज सकाळी आईने न अडखळता ‘खळं’ वाचले. गंजिफाच्या बारा पत्त्यांसारखी रचना मला फारच पटली. मत्स्यावतार मुखपृष्ठावरून काढून मलपृष्ठावर अगदी लहान, एका रुपयाच्या नाण्याएवढा ठेवला आहे. मुख्य लेख चितारआळीतील लाकडी खेळण्यांवर करावा असा विचार आहे, त्यामुळे ‘चितारआळीची नात’ यांना विनंती अशी की, त्यासोबतच्या मुलाखतीच्या मालवणी पानांसाठी त्यांच्या घरातील कोणी वडीलधारी व्यक्ती तासभर बोलायला तयार होईल का, ते कृपया कळवावे. तोवर आठ कागदांची कोरी डमी दुमडून, पिना मारून टेबलावर ठेवली आहे आणि पेन्सिलने पानांवर राजा, प्रधान, एक्का असे लिहीत आहे.